नकली मूठ, अस्सल पुरावा : घडीच्या चाकूंवरील सेल्युलॉइडचा इतिहास

१/२६
शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकी घडीच्या चाकूंचा एखादा संग्रह समोर आला, की पात्यांआधी मुठींकडे लक्ष जाते. हाड, शिंग आणि शिंपला यांच्या शेजारी लाल-पांढरे तिरके पट्टे, सोनेरी चमचम आणि हिरव्या-तांबड्या रेघोट्या दिसतात. असे रंग कोणत्याही प्राण्याच्या शिंगावर वा कवचावर सापडत नाहीत. ते सेल्युलॉइडचे आहेत. संग्राहकांच्या जगात शिंपला वरचा, शिंग त्याखालोखाल आणि सेल्युलॉइड पुष्कळदा 'नकली' म्हणून खालच्या पायरीवर, अशी उतरंड आहे. इतिहासाच्या दृष्टीने ती फेरतपासायला हवी. त्यासाठी हा थ्रेड.

२/२६
मुद्दा एवढाच आहे : शिंपल्याची मूठ मुख्यतः शिंपल्याविषयी सांगते. सेल्युलॉइडची मूठ मात्र माणसांविषयी सांगते. त्यांना काय हवे होते, काय परवडत होते, कोणत्या दूरच्या जंगलातून कच्चा माल येत होता आणि त्याची किंमत कोण मोजत होते, हे सारे तिच्यात नोंदलेले असते. हा पुरावा दोन वाटांनी नाहीसा होत आहे. एक वाट रसायनशास्त्राची आहे. दुसरी वाट मालकांची आहे. ते जुनी सेल्युलॉइड मूठ उखडून तिच्या जागी नवे हाड बसवतात आणि त्याला 'दुरुस्ती' म्हणतात.

३/२६
मराठी वाचकाला या पदार्थाची ओळख नवी नाही, केवळ नाव वेगळे आहे. 'कचकडे' हा शब्द मुळात कासवाच्या कवचासाठी वापरला जाई. कवचाच्या फण्या आणि डब्या यांची जागा सेल्युलॉइडने घेतली, तेव्हा भाषेने नवा शब्द घडवला नाही. जुनाच शब्द नव्या पदार्थाला दिला. 'कचकड्याची बाहुली' या शब्दप्रयोगातील कचकडे म्हणजे सेल्युलॉइड. नक्कल इतकी रुजली, की मूळ वस्तूचे नावच तिने घेतले. जे भाषेत घडले, तेच चाकूच्या मुठीवरही घडले.

४/२६
सेल्युलॉइडपूर्वी उत्तम मुठी प्राण्यांकडून येत. इंग्लंडमधील शेफील्ड हे चाकूंचे मोठे केंद्र होते आणि तेथील जोसेफ रॉजर्स अँड सन्स ही पेढी हस्तिदंताच्या प्रचंड साठ्यासाठी प्रसिद्ध होती. सांबराचे शिंग भारतातून जाई. जंगलात गळून पडलेली शिंगे गोळा होत आणि बोटीने परदेशी रवाना होत. शिंपला, कासवाचे कवच, गुराचे हाड आणि म्हशीचे शिंग हीही नेहमीची द्रव्ये होती. या सर्वांची अडचण एकच होती. प्रत्येक तुकडा वेगळा असे. तो कापताना तडकत असे, वाया जाई, आणि एका मापाची हजार नगे बनवणे कठीण होऊन बसे.

५/२६
या अडचणीवरचे उत्तर कापसातून निघाले. १८४६ च्या सुमारास बाझेल येथील रसायनशास्त्रज्ञ क्रिस्टियन शॉनबाइन यांनी नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांच्या मिश्रणाची कापसावर प्रक्रिया करून नायट्रोसेल्युलोज बनवले. दिसायला तो कापूसच होता, पण ठिणगी लागताच क्षणात नाहीसा होई. नायट्रोजनचे प्रमाण साडेबारा-तेरा टक्क्यांकडे गेले, की तो स्फोटक ठरतो. ते अकरा टक्क्यांच्या आसपास राखले, तर योग्य द्रावकात विरघळणारा आणि आकार देता येण्याजोगा पदार्थ मिळतो. तोफेचा बार आणि चाकूची मूठ ही एकाच घरातील भावंडे आहेत.

६/२६
बर्मिंगहॅमचे अलेक्झांडर पार्क्स यांनी या पदार्थातून टिकाऊ वस्तू बनवण्याचा ध्यास घेतला. लंडनच्या १८६२ च्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात त्यांनी 'पार्कसाइन' मांडले आणि त्यांना कांस्यपदक मिळाले. त्यांच्या वस्तूंत बटणे, फण्या, पदके होती आणि चाकूच्या मुठीही होत्या. म्हणजे प्लास्टिकच्या इतिहासाच्या अगदी पहिल्या पानावर चाकूची मूठ आहे. पार्क्स यांनी १८६६ मध्ये कंपनी काढली. माल स्वस्त करण्याच्या घाईत दर्जा ढासळला, वस्तू वाकू-तडकू लागल्या आणि १८६८ मध्ये कंपनी बुडाली.

७/२६
अमेरिकेतील कथा बिलियर्डच्या चेंडूपासून सुरू होते. फेलन अँड कोलेंडर या कंपनीने १८६३ मध्ये हस्तिदंताला पर्याय शोधणाऱ्यास १०,००० डॉलरचे बक्षीस जाहीर केले. ऑल्बनी येथील मुद्रक जॉन वेस्ली हायट त्या जाहिरातीने प्रयोगांकडे वळले. त्यांनी भाऊ आयझेया यांच्यासह नायट्रोसेल्युलोज कापरात मिसळून उष्णता आणि दाब यांखाली घडवण्याची रीत शोधली. तिचे पेटंट १८७० चे आहे. 'सेल्युलॉइड' हे नाव आयझेया यांनी दिले. १८७२ च्या सुमारास त्यांचा उद्योग न्यू जर्सीतील न्यूआर्क येथे हलला आणि तेथून जगभर पसरला.

८/२६
या शोधातील किल्ली कापूर होती. देव्हाऱ्यातील आरतीत जळून मागे काहीच न ठेवणारा हाच तो कापूर. नायट्रोसेल्युलोज एकटे असता ठिसूळ राहते. कापूर त्याच्या रेणूंमध्ये शिरून त्यांना एकमेकांवरून सरकू देतो. त्यामुळे पदार्थ उष्णतेत मऊ होतो आणि थंड झाल्यावर घडवलेला आकार धरून ठेवतो. म्हणूनच जुनी सेल्युलॉइड मूठ अंगठ्याने जोरात घासली, तर पुष्कळदा कापराचा मंद वास येतो. शंभर वर्षांनंतर येणारा तो वास हे ओळखीचे चिन्ह आहे. तो येतो याचाच अर्थ, कापूर अजूनही उडून चालला आहे.

९/२६
मुठीचे सेल्युलॉइड कारखान्यात असे तयार होई : कापूस वा पातळ कागदावर आम्लाची प्रक्रिया करून तो पुनःपुन्हा धूत. नंतर त्यात कापूर, अल्कोहोल आणि रंग मिसळून तो लगदा तापलेल्या रुळांमधून मळत. रंगीत थर एकावर एक रचून दाबाखाली मोठा ठोकळा बनवत आणि रंध्याने लाकूड तासावे तसे त्याचे पातळ तक्ते कापत. तक्ते सुकायला कित्येक दिवस, कधी आठवडे लागत. चाकूचा कारखानदार हे तयार तक्ते विकत घेई, मुठीच्या मापाच्या पट्ट्या कापून पितळी अस्तरावर खिळ्यांनी पक्क्या करी.

१०/२६
नक्कल करणे हेही कौशल्याचे काम होते. हस्तिदंताच्या आत फिक्या-गडद बारीक रेषा असतात. त्या आणण्यासाठी पांढऱ्याच्या किंचित वेगळ्या छटांचे पातळ थर रचून आडवे कापत. हाच माल 'फ्रेंच आयव्हरी' या नावाने विकला जाई. कासवाच्या कवचासाठी मधाच्या रंगाच्या पारदर्शक लगद्यात गडद तपकिरी रंग अर्धवट मिसळत, म्हणजे ढग उमटत. शिंपल्याच्या चमकेसाठी विसाव्या शतकात हेरिंगसारख्या माशांच्या खवल्यांतील चकाकी वापरली गेली. प्राण्यापासून सुटका करून देणारी ही नक्कल पुन्हा प्राण्यापाशीच येऊन पोहोचली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

११/२६
हा माल चाकूंवर इतक्या प्रमाणात आला, याला राजकारणही कारणीभूत होते. १८९० च्या मॅकिन्ली कायद्याने अमेरिकेत परदेशी चाकूंवरील आयातशुल्क वाढवले. शेफील्डचा अमेरिकी बाजार आखडला आणि पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क, ओहायो या राज्यांतील चाकू कारखान्यांना मोकळे रान मिळाले. त्यांना मोठ्या संख्येने, एकसारख्या आणि स्वस्त मुठी हव्या होत्या. सेल्युलॉइडचे तक्ते नेमके तेच देत होते. शेतकऱ्यापासून कारकुनापर्यंत प्रत्येकाच्या खिशात चाकू असण्याचा तो काळ होता. त्यामुळे मूठ ही रोज हाताळली जाणारी, रोज दिसणारी वस्तू होती.

१२/२६
आता आरोपाकडे वळू : सेल्युलॉइड म्हणजे फसवणूक. हा आरोप कागदपत्रांपुढे टिकत नाही. रेमिंग्टन कंपनीने १९२० च्या दशकात घडीचे चाकू काढले, तेव्हा पात्याच्या बुडाशी नमुन्याचा क्रमांक ठोकलेला असे. त्या क्रमांकाचा शेवटचा अंक मुठीचे द्रव्य सांगे. ३ म्हणजे हाड, ४ म्हणजे शिंपला, ६ म्हणजे अस्सल शिंग आणि ५ म्हणजे 'पायरेमाइट', अर्थात कंपनीचे सेल्युलॉइड. ज्याने पोलादावरच खरे नाव कोरले, त्याला फसवणारा म्हणता येत नाही. गिऱ्हाईक जाणूनबुजून सेल्युलॉइड घेत होते. ते का घेत होते, हा इतिहासाचा प्रश्न आहे.

१३/२६
या प्रश्नाचे पहिले उत्तर किमतीत आहे. दुसरे अधिक रंजक आहे. काही काळाने सेल्युलॉइडने नक्कल करणे सोडून दिले. संग्राहकांच्या बोलीत आज रुळलेली नावेच पाहावीत. 'कँडी स्ट्राइप' म्हणजे गोळ्या-मिठाईसारखे लाल-पांढरे पट्टे. 'गोल्डस्टोन' म्हणजे धातूच्या बारीक कणांची सोनेरी चमक. 'ख्रिसमस ट्री' आणि 'वॉटरफॉल' या नावांत झाड आणि धबधबा आहे, प्राणी मात्र कुठेच नाही. हे रंग कोणत्याही 'अस्सल' वस्तूची प्रत नाहीत. यांना नकली म्हणायचे तर ते कशाची नक्कल, हे सांगावे लागेल. ते सांगता येत नाही.

१४/२६
या बदलाचा अर्थ मोठा आहे. तोवर सजावटीच्या मुठीचा रंग निसर्ग ठरवत असे आणि माणूस त्यात निवड करी. आता रंग माणसाने ठरवला, तोही राजाच्या खास कारागिराने नव्हे. खेड्यातील हार्डवेअरच्या दुकानात उभ्या असलेल्या मुलाच्या पसंतीसाठी तो ठरवला गेला. विसाव्या शतकातील रंगीबेरंगी ग्राहकवस्तूंची सुरुवात शोधायची असेल, तर मोटारी आणि रेडिओ यांच्याआधी या इवल्याशा मुठींकडे पाहावे लागते. शिंपल्याच्या मुठीवरून ही कथा कळत नाही, कारण शिंपला पूर्वी जसा होता तसाच राहिला.

१५/२६
ओहायोमधील कँटन हे गाव या कथेत दोनदा येते. आयातशुल्काचा कायदा आणणारे विल्यम मॅकिन्ली तेथलेच. तेथील नॉव्हेल्टी कटलरी आणि कँटन कटलरी या कंपन्यांनी पारदर्शक सेल्युलॉइडच्या पट्टीखाली छायाचित्र ठेवण्याची कल्पना बाजारात गाजवली. गिऱ्हाईकाचे नाव आणि गाव, पत्नीचे वा मुलांचे छायाचित्र, त्याच्या संघटनेचे चिन्ह, नेत्याचा चेहरा वा एखाद्या दुकानाची जाहिरात अशा गोष्टी मुठीत बसवून मिळत. विक्रेते गावोगाव फिरून या चाकूंच्या मागण्या नोंदवत.

१६/२६
हस्तिदंतावर नाव कोरून घेणे पूर्वीही शक्य होते, पण ते श्रीमंतांचे काम होते. येथे साध्या मजुराने आणि रेल्वेतील कामगाराने आपला चेहरा आपल्या हत्यारावर लावला. अशा माणसांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत. त्यांची छायाचित्रेही बहुधा घरच्या पेटीत हरवली. चाकूच्या मुठीत मात्र काही टिकली, कारण सेल्युलॉइड त्यांचे कवच झाले. सामान्य माणसाच्या इतिहासाची साधने दुर्मीळ असतात, अशी तक्रार अभ्यासक नेहमी करतात. हे साधन हाती असताना ते 'स्वस्त वस्तू' म्हणून बाजूला सारणे त्या तक्रारीशी विसंगत आहे.

१७/२६
सेल्युलॉइडची बाजू घेताना त्याच्या जाहिरातींवर मात्र विश्वास ठेवू नये. एकोणिसाव्या शतकातील विक्रेत्यांचा दावा होता, की या पदार्थाने हत्ती आणि कासव यांना जीवदान दिले. हा दावा आजही 'प्लास्टिकने हत्ती वाचवले' या रूपात फिरत असतो. त्यात सत्याचा अंश आहे. फण्या, कॉलर आणि मुठी यांसाठी हस्तिदंताची गरज उरली नाही. पण सेल्युलॉइडची फणी घेणाऱ्या बहुसंख्य लोकांना हस्तिदंत कधीच परवडणार नव्हते. त्यांच्यासाठी मारला जाणारा हत्ती मुळातच नव्हता. पियानोच्या पट्ट्यांसाठी आणि चांगल्या बिलियर्ड चेंडूंसाठी हस्तिदंताचा व्यापार विसाव्या शतकातही चालू राहिला.

१८/२६
हत्तीला जे काही संरक्षण मिळाले, ते कायद्याने मिळाले. आफ्रिकी हत्तीच्या दातांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील बंदीचा निर्णय साइट्स कराराखाली १९८९ मध्ये झाला. पार्कसाइनच्या प्रदर्शनानंतर तोवर १२७ वर्षे उलटली होती. नवा पदार्थ जुन्या पदार्थाला आपोआप हटवत नाही. पुष्कळदा तो केवळ नवे गिऱ्हाईक निर्माण करतो आणि जुना पदार्थ श्रीमंतांसाठी अधिकच प्रतिष्ठेचा होऊन बसतो. पर्यायी वस्तू आली म्हणजे प्रश्न सुटला, असे मानणाऱ्या आजच्या पिढीने हा धडा नीट वाचायला हवा.

१९/२६
शिवाय जाहिरातीत एक नाव कधीच नव्हते : तैवान. कृत्रिम कापूर येण्यापूर्वी जगाचा बहुतेक कापूर जपान आणि तैवान येथील कापूरवृक्षांपासून मिळे. जुनी झाडे तोडून, त्यांच्या ढलप्या करून, त्यांतून वाफ नेत आणि थंड झालेल्या वाफेतून स्फटिक गोळा करत. सेल्युलॉइडचा उद्योग वाढला, तसा तो कापराचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक बनला. १८९५ च्या शिमोनोसेकीच्या तहाने तैवान जपानकडे गेले. १८९९ मध्ये वसाहतीच्या सरकारने तेथील कापरावर मक्तेदारी बसवली.

२०/२६
उत्तम कापूरवृक्ष डोंगरात होते आणि डोंगर तेथील मूळ जमातींचे होते. वसाहतीच्या सरकारने त्यांच्या मुलखाभोवती चौक्यांची आणि कुंपणांची रेषा आखली. काही ठिकाणी कुंपणांत वीज सोडली आणि ती रेषा टप्प्याटप्प्याने आत सरकवत नेली. गव्हर्नर-जनरल साकुमा सामाता यांच्या काळात, १९१० ते १९१४ या वर्षांत, डोंगरी जमातींवर लष्करी मोहीम झाली. या संघर्षाची कारणे अनेक होती, पण कापूर त्यांतील प्रमुख होते. हत्ती वाचवल्याची शेखी मिरवणाऱ्या मुठीत कोणाचे जंगल विरघळले आहे, हे येथे दिसते.

२१/२६
कारखान्यातील कामगारही या हिशेबात धरावे लागतात. आम्लांची वाफ, अल्कोहोल आणि क्षणात पेटणारा माल एकाच छपराखाली असे. न्यूआर्कसह सर्वत्र सेल्युलॉइड कारखान्यांत आगी लागत. पेटलेल्या नायट्रोसेल्युलोजचा धूरही तितकाच घातक असतो. १५ मे १९२९ रोजी अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये साठवलेल्या नायट्रोसेल्युलोजच्या एक्स-रे फिल्म पेटल्या आणि १२३ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील बहुतेकांचा बळी विषारी वायूंनी घेतला. नंतरच्या काळात सुरक्षित पर्याय आले आणि सेल्युलॉइड मागे पडले, त्यामागे अशा दुर्घटनांचा इतिहास आहे.

२२/२६
सेल्युलॉइडचा अंत त्याच्या जन्मातच लिहिलेला आहे. कापूर हळूहळू उडून जातो, पट्टी आक्रसते, खिळ्यांभोवती तडे पडतात. त्याचबरोबर नायट्रोसेल्युलोजचे विघटन होऊन नायट्रोजनचे ऑक्साइड बाहेर पडतात. हवेतील ओलाव्याशी मिळून त्यांचे नायट्रिक आम्ल बनते आणि ते आम्ल विघटनाचा वेग आणखी वाढवते. पितळी अस्तरावर हिरवा थर चढतो, पाते गंजते. एका डब्यातील शेजारचे निरोगी चाकूही त्या वाफेने बिघडतात. पारदर्शक आणि कासवाच्या कवचासारखे नमुने लवकर जातात. झिंक ऑक्साइड असलेले अपारदर्शक पांढरे नमुने तुलनेने टिकतात.

२३/२६
सेल्युलॉइड हरपण्याचा अर्थ महाराष्ट्राने अनुभवला आहे. चित्रपटाची जुनी नायट्रेट फिल्म याच कुळातील होती आणि दादासाहेब फाळके यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' अशाच फिल्मवर चित्रित झाला. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि भारतीय चित्रपटाच्या आरंभकाळातील अनमोल रिळे नष्ट झाली. चित्रपटाची निदान दुसरी प्रत निघू शकते. चाकूच्या मुठीतील रंगांचे ढग मात्र एकदाच जमून येतात. त्यांची प्रत नसते.

२४/२६
आता मूठ बदलण्याचा वाद. बदलणाऱ्यांची बाजू कमकुवत नाही. चाकू हे हत्यार आहे, मूठ पात्याला खाऊ लागली तर पाते वाचवणे शहाणपणाचे, असे ते म्हणतात. सडत चाललेल्या मुठीबाबत हे मान्य करावे लागेल. पण पुष्कळदा धडधाकट मूठही केवळ 'नकली' म्हणून काढली जाते आणि तिच्या जागी हाड वा शिंग बसवले जाते. मग रेमिंग्टनच्या पात्यावर ५ चा अंक राहतो आणि मूठ मात्र हाडाची दिसते. म्हणजे अस्सलतेच्या नावाखाली खरी वस्तू खोटी केली जाते. एके काळी कारखान्याने न केलेली फसवणूक येथे संग्राहक करतो.

२५/२६
करण्याजोगे उपाय साधे आहेत. सेल्युलॉइडचे चाकू इतरांपासून वेगळे, थंड, कोरड्या आणि हवेशीर जागी, उन्हापासून दूर ठेवावेत. बंद प्लास्टिक पिशवीत वा चामड्याच्या म्यानात कोंडू नयेत. उग्र आम्लासारखा वास, चिकटपणा वा पितळेवर हिरवा थर दिसला, तर तो चाकू त्वरित बाजूला काढावा. ओळख पटवण्यासाठी तापलेली सुई वा आगपेटीची काडी कदापि लावू नये. मूठ काढणे अटळच असेल, तर आधी सर्व बाजूंनी छायाचित्रे, मापे आणि पात्यावरील क्रमांक नोंदवावा. नंतर दुरुस्तीची नोंद वस्तूसोबतच ठेवावी आणि विकताना ती लपवू नये.

२६/२६
सेल्युलॉइडची प्रत्येक मूठ टिकणार नाही. संग्रहालयांच्या उत्तम कपाटांतही तिचे आयुष्य फक्त लांबवता येते. म्हणूनच ती आहे तोवर तिला वाचणे महत्त्वाचे. हस्तिदंताची हौस, आयातशुल्काचे राजकारण, खेड्यातील मुलाची रंगाची आवड, अनामिक कामगाराचा चेहरा आणि तैवानच्या डोंगरातील कापूर हे सारे चार इंच लांबीच्या एका पट्टीत एकत्र आले आहे. अस्सल आणि नकली ही बाजारभावाची वर्गवारी आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने वस्तूला विचारायचा प्रश्न वेगळा असतो : ती काय सांगू शकते? या प्रश्नावर सेल्युलॉइडची मूठ शिंपल्याच्या मुठीहून कितीतरी अधिक बोलते.